दातांचे वेळापत्रक

पालकसभेला आलेल्या आया मुलीच्या गणिताविषयी विचारतात, हस्ताक्षराविषयी विचारतात, आणि निघताना दारात थांबून आवाज खाली आणून म्हणतात, "मॅडम, हिच्या दातांचं काय करावं हो?" दातांचा प्रश्न शिक्षिकेला का विचारावा, याचे मला आता नवल वाटत नाही. मूल दिवसाचे पाच-सहा तास आमच्यासमोर तोंड उघडून वाचत असते. कोणाची जीभ कुठे अडते, कोण हसताना तोंडावर ओढणी घेते, हे कधी कधी घरच्यांच्या आधी आम्हाला दिसते.

विचारणाऱ्या आया दोन प्रकारच्या असतात. एकीची मुलगी तिसरीत असते, समोरच्या दोन दातांत फट असते आणि आई उद्याच तारा लावायला निघालेली असते. दुसरीची मुलगी अकरावी-बारावीत असते, वरचे दात ओठाबाहेर आलेले असतात आणि आई म्हणते, "स्थळं यायला लागली की बघू, तोवर कशाला खर्च?" पहिली तीन-चार वर्षे लवकर आलेली असते, दुसरी पाच वर्षे उशिरा. दातांचे स्वतःचे एक वेळापत्रक असते. शाळेच्या वेळापत्रकासारखे ते भिंतीवर लावलेले नसते, म्हणून ते या महिन्यात इथे मांडावे म्हणते.

दुधाचे दात वीस आणि कायमचे बत्तीस, हे विज्ञानाच्या पुस्तकात आपण सगळेच शिकलो. पहिला दुधाचा दात साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही पूर्ण होतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास खालचा समोरचा दात हलू लागतो. घरात गंमत सुरू होते. पडलेला दात कौलावर टाकायचा की मातीत पुरायचा, यावर दादी आणि नानीचे एकमत होत नाही. सगळ्यांचे लक्ष पुढे असते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत तोंडाच्या अगदी मागे, दुधाच्या सगळ्या दातांच्या पलीकडे, एक नवी दाढ गुपचूप उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती कोणाला कळतही नाही. ही कायमची दाढ आहे. जन्मभर पुरायची आहे.

या दाढेइतकी दुर्दैवी दाढ दुसरी नाही. सात वर्षांच्या मुलाच्या दाढेत काळा खड्डा दिसतो आणि घरातले मोठे म्हणतात, "दुधाचीच आहे, पडेल." ती पडत नाही, किडते, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी काढावी लागते. ओळखायची खूण सोपी आहे. मुलाला उजेडात बसवा आणि समोरच्या मधल्या रेषेपासून एका बाजूने मोजत जा. पटाशीचे दोन, सुळा एक, दुधाच्या दाढा दोन, असे पाच झाले. सहावा दिसला तर तो कायमचा. अमेरिकेतले दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वाकड्या दातांचे तीन वर्ग पाडले, ते याच सहाव्या दाढेवरून: वरची दाढ खालच्या दाढेच्या खाचेत नीट बसते, पुढे सरकते, की मागे पडते. सव्वाशे वर्षे झाली, तरी आजही डॉक्टर मुलाचे तोंड उघडून आधी तिथेच बघतात.

आता तिच्या पुढच्या दोन दुधाच्या दाढांबद्दल. त्या दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान पडतात, म्हणजे मूल पाचवी-सहावीत असेपर्यंत त्यांना काम करायचे असते. एक काम चावण्याचे. दुसरे काम एसटीच्या सीटवर टाकलेल्या रुमालाचे. खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा त्या धरून ठेवतात. पहिलीतल्या मुलाची दुधाची दाढ किडली म्हणून उपटून टाकली की रुमाल उचलला गेला. मागची सहाव्या वर्षाची दाढ हळूहळू पुढे सरकते आणि त्या सीटवर बसते. चार वर्षांनी खरा मालक येतो तेव्हा त्याला जागा नसते. तो मग आतून, बाहेरून, जिथून वाट मिळेल तिथून डोके वर काढतो, किंवा हाडातच अडकून राहतो. दात वेडेवाकडे येणे हे पुष्कळदा नशिबाचे नसते, सातव्या वर्षी काढलेल्या एका दाढेचे असते. म्हणून दुधाची दाढ शक्यतो भरून वाचवावी. काढावीच लागली तर डॉक्टरांना तेव्हाच विचारावे, "जागा राखायला काही बसवायचं का?" धातूची एक लहानशी रिंग आणि तिला जोडलेली वाकवलेली तार, एवढाच तो प्रकार असतो. तारांच्या पूर्ण उपचारापेक्षा खर्च कितीतरी कमी. आणि त्याही आधीची गोष्ट म्हणजे रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणे, चहात बुडवलेली खारी, सतत हातात बिस्किटाचा पुडा. दाढा किडतात त्या इथे.

तिसरीतल्या मुलीच्या आईला मी सांगते, की फटीची घाई करू नका. आठ-नऊ वर्षांच्या वयात वरचे समोरचे दात बाहेरच्या बाजूला कललेले आणि मध्ये फट असलेले दिसतात. इंग्रजीत या वयाला 'कुरूप बदकपिल्लाची अवस्था' म्हणतात, अँडरसनच्या गोष्टीवरून. याचे कारण हाडात दडलेले असते. वरचे सुळे अजून खाली उतरायचे असतात आणि उतरताना ते शेजारच्या दातांच्या मुळांना ढकलत असतात. मुळे आत ढकलली गेली की शेंडे बाहेर फाकतात. अकरा-बारा वर्षांचे झाल्यावर सुळे जागेवर आले, की बहुतेक मुलांची ही फट आपोआप मिटते किंवा पुष्कळ कमी होते. नवे दात मोठे आणि पिवळे दिसतात, यानेही आया घाबरतात. दुधाचे दात जास्त पांढरे असतात, शेजारी उभे राहिले की फरक उठून दिसतो. आणि दात पूर्ण वाढीचा आहे, चेहरा अजून लहान आहे. चेहऱ्याला थोडा वेळ द्या.

वेळ द्यायचा नाही अशा खुणा वेगळ्या आहेत. एका बाजूचा दात आला आणि सहा महिने झाले तरी दुसऱ्या बाजूचा आला नाही. दहा वर्षे उलटली तरी वरच्या सुळ्याचा उंचवटा हिरडीवर बोटाला लागत नाही. वरचे समोरचे दात खालच्यांच्या मागे बसतात. मूल एका बाजूला हनुवटी सरकवून तोंड मिटते. यातले काही दिसले तर वय कितीही असो, दाखवून आणावे. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सांगते, की सात वर्षांपर्यंत मुलाची एक तपासणी व्हावी. तपासणी म्हणजे तारा नव्हेत. दहापैकी बऱ्याच मुलांना डॉक्टर एवढेच म्हणतील, "वर्षाने या."

बरोबर चावा म्हणजे काय, हे मी मुलांना जेवणाच्या डब्यावरून सांगते. झाकण डब्यापेक्षा किंचित मोठे असते आणि चारही बाजूंनी त्याच्यावर बसते. वरचे दात हे झाकण आहे. समोर ते खालच्या दातांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे असतात आणि खालच्यांचा साधारण एक तृतीयांश भाग झाकतात. झाकण फार पुढे आले तर दात पुढे आलेले दिसतात. फार खाली बसले तर खालचे दात दिसतच नाहीत, आणि जास्तच झाले तर खालचे दात वरच्या टाळूला टोचतात. झाकण एका बाजूने डब्याच्या आत गेले, तर तो उलटा चावा. मागच्या दाढा मिटल्या तरी समोर फट राहिली, तर उघडा चावा. आणि दात मोठे, जबडा लहान, म्हणून गर्दी. ही गर्दीच सगळ्यांत जास्त दिसते.

यातले कशाने काय बिघडते, हे नीट वेगळे करून सांगायला हवे, कारण दवाखान्याच्या पाटीवर सगळे एकाच भीतीत मिसळलेले असते. दात थोडे वाकडे आहेत म्हणून ते किडणारच, असे नाही. रोज नीट घासणाऱ्याचे वाकडे दातही साठ वर्षे टिकतात. गर्दीत अन्न अडकते आणि ब्रश पोचत नाही, एवढे खरे. पण पुढे आलेल्या दातांचा धोका अगदी सरळ आहे: मूल पडले की पहिला मार त्यांनाच बसतो. शाळेच्या मैदानावर तुटलेला समोरचा दात ज्या शिक्षिकेने रुमालात धरला आहे, तिला हे वेगळे सांगावे लागत नाही. ओठ मिटत नसतील तर हिरड्या कोरड्या पडून सुजतात. टाळूला टोचणारे दात हिरडी खातात. उलट्या चाव्यात मूल जबडा एका बाजूला सरकवून चावते, आणि वाढत्या वयात तीच सवय चेहऱ्याला वाकडेपण देऊ शकते. उघड्या चाव्याचे मूल भाकरीचा तुकडा समोरच्या दातांनी तोडू शकत नाही, बाजूच्या दातांनी ओढून तोडते. जेवताना एकदा शेजारी बसून पाहा.

माझ्या विषयाशी जोडलेली एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. उर्दू शिकवताना हरफांचे उच्चार घ्यावे लागतात, आणि मकतबात कुरआनचे पठण शिकवणाऱ्या मौलानांना तर मखरज म्हणजे उच्चाराची जागा फार काटेकोर पाहावी लागते. 'फ़े' म्हणायला वरच्या पटाशीच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आत टेकावी लागते. अरबी 'सा', 'ज़ाल' आणि 'ज़ा' या तिन्हींसाठी जिभेचे टोक वरच्या त्याच दोन दातांच्या कडेला लागावे लागते. 'सीन'मध्ये हवा दातांच्या बारीक फटीतून जाते. समोर उघडा चावा असलेल्या मुलाची जीभ त्या मोठ्या फटीतून बाहेर येते आणि 'सीन'चा 'सा' होतो. मराठीत 'सकाळ' म्हणतानाही तेच होते. अशा मुलाला वर्गात किंवा मकतबात रागावून उपयोग नाही. तो कंटाळा करत नाहीये, त्याच्या तोंडात भिंतच अर्धी आहे. दात जागेवर आले म्हणून उच्चार दुसऱ्या दिवशी सुधारतो असेही नाही. जिभेला जुनी सवय असते, तिला वाचातज्ज्ञांकडे नव्याने शिकवावे लागते. पण आधी शिक्षा थांबवावी, ही विनंती.

कारणांपैकी आनुवंशिकता मोठी आहे. अब्बांचा जबडा आणि अम्मीचे दात मुलात एकत्र आले की कधी मेळ बसतो, कधी बसत नाही. खालचा जबडा पुढे येणे तर घराण्यात चालतेच. युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्यात पिढ्यान्पिढ्या ते होते, त्यांच्या चित्रांतही ते लपत नाही. घरात असा जबडा असेल तर मुलाला सात-आठ वर्षांतच दाखवावे, कारण त्याचा लहान वयातला उपाय दहाव्या वर्षानंतर फारसा लागू पडत नाही.

दुसरी कारणे सवयींची. चौथ्या वर्षापर्यंत अंगठा चोखणाऱ्या मुलाला सोडून द्यावे, बहुतेक मुले आपण होऊन सोडतात. कायमचे दात यायच्या वेळीही अंगठा तोंडात असेल, तर वरचे दात पुढे आणि समोर फट, हे ठरलेले. अंगठ्याला मिरची लावून मूल रडते, अंगठा सुटत नाही. सवय मोडायला डॉक्टर टाळूला बसणारी एक जाळी देतात, पण मुलाची तयारी असेल तरच ती कामी येते. तोंडाने श्वास घेणारे, रात्री घोरणारे मूल असेल तर दातांच्या डॉक्टरांआधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. नाक बंद असताना दात सरळ करणे म्हणजे छत गळत असताना भिंत रंगवणे.

खाण्याचाही संबंध असावा, असे म्हणायला जागा आहे. रॉबर्ट कोरुचिनी नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर चंडीगड आणि आसपासच्या खेड्यांतल्या तरुणांचे दात तपासले होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते काम प्रसिद्ध झाले. एकाच मुलखातले लोक, पण शहरी तरुणांत चाव्याचे दोष जास्त निघाले. त्यांचे म्हणणे असे, की लहानपणी कडक, चिवट अन्न चावले की जबडा पुरेसा वाढतो. मऊ खाऊन तो लहान राहतो आणि दातांना जागा पुरत नाही. हिंजवडीत हे वाचताना मला आसपासची बदललेली ताटे दिसतात. इथे फेज एक, दोन, तीन उभे राहण्याआधी शेती होती. मुळशीचा आंबेमोहोर भात मऊच, पण त्याच्या आगेमागे भाकरी होती, ऊस होता, हुरडा होता, भाजलेले चणे होते. आता डब्यात नूडल्स आणि पाव. दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण म्हातारपणासाठी होती, ती आता दुसरीतल्या मुलांना लागू पडते. तरीही सांगते, बारा वर्षांच्या मुलाला ऊस चावायला देऊन आलेली गर्दी सरळ होणार नाही. दात यायच्या वयापासून चावायची सवय लावणे वेगळे, आणि झालेल्या दोषावर औषध म्हणून ऊस देणे वेगळे.

आता त्या अकरावी-बारावीतल्या मुलीच्या आईकडे येते. खरे नुकसान तिच्या बाबतीत होते. दात कोणत्याही वयात हलवता येतात, पन्नाशीतही. जबड्याची वाढ मात्र एकदाच होते. पुष्कळ मुलींचे वरचे दात पुढे दिसतात, तेव्हा खरा दोष वरच्या दातांचा नसतो, खालचा जबडा मागे राहिलेला असतो. उंची झपाट्याने वाढते त्या काळात, म्हणजे मुलींत साधारण दहा ते तेरा आणि मुलांत बारा ते पंधरा या वयात, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे, काढता-घालता येणारे एक साधन वापरतात. त्यातले 'ट्विन ब्लॉक' हे स्कॉटलंडच्या डॉ. विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये पहिल्यांदा वापरले, आणि आपल्याकडेही ते सर्रास मिळते. वर्षभर इमानाने घातले तर चाव्यात मोठा फरक पडतो. तीच मुलगी अठराव्या वर्षी आली, की वाढ संपलेली असते. मग उरतात दोन वाटा: चांगले दात काढून बाकीचे मागे ओढायचे, किंवा दोष फार असेल तर जबड्याची शस्त्रक्रिया.

आणि उपचाराला दीड-दोन वर्षे लागतात, हे स्थळ बघायला सुरुवात करताना कोणाच्या लक्षात नसते. "निकाह सहा महिन्यांवर आलाय, तेवढ्यात करा," असा हट्ट धरला जातो. मला याचा राग दुसऱ्याच कारणाने येतो. मुलीचे दात ती पाचवीत असताना आपल्याला दिसत होते. तिला तेव्हा चावायला त्रास होत होता, वर्गात मोठ्याने वाचायला ती उठत नव्हती. तेव्हा खर्च नको होता. आता दुसऱ्यांना दाखवायचे आहे म्हणून खर्च करायचा. आणि मुलाच्या बाबतीत तर तोही नाही. मुलाचे दात कसेही असले तरी चालते असे आपण धरून चालतो, जणू चावायचे काम फक्त मुलींना आहे.

दात हलतो कसा, हे कळले की तारांबद्दलची घाई आपोआप कमी होते. दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो. तारेचा हलका, सततचा दाब आला की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड तयार होते. ढोबळमानाने महिन्याला एक मिलिमीटर. तार जास्त आवळली म्हणून दात लवकर सरकत नाही, उलट मुळे झिजण्याची भीती. "पुढच्या वेळी जरा जोरात आवळा," असे डॉक्टरांना सांगणारे अब्बू मी पाहिले आहेत, म्हणून लिहिते.

चार चांगले दात काढायला सांगितले की घरात गोंधळ होतो. चार मुलांच्या बाकावर पाच बसवले तर एकाला उठावेच लागते. पण उठवण्याआधी बाक थोडा लांब करता येतो का, हेही बघायचे असते. बघा, विचारा, हवे तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या. वरचा दात काढला की नजर कमी होते, हे मात्र मनातून काढून टाका. डोळ्याच्या नसेचा दाताशी संबंध नाही.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न येतो, आणि तो टाळू नये: हे अल्लाहच्या निर्मितीत बदल करणे तर नव्हे? बुखारी आणि मुस्लिममध्ये हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आहे, तीत सौंदर्यासाठी दातांत मुद्दाम फटी करून घेणाऱ्या स्त्रियांचा निषेध आहे. उलमा त्यातल्या 'सौंदर्यासाठी' या शब्दावर बोट ठेवतात. चांगले दात हौसेने कानशीने घासणे वेगळे आणि दोष दूर करणे वेगळे. युद्धात नाक गमावलेल्या हजरत अरफजा (रजि.) यांना चांदीच्या नाकाचा त्रास झाला, तेव्हा प्रेषितांनी (स.) सोन्याचे नाक बसवायला सांगितल्याची हदीस अबू दाऊद आणि तिरमिजीत आहे, तिचाही दाखला ते देतात. दहाव्या शतकात कॉर्डोबाजवळ होऊन गेलेले अबुल कासिम अल-ज़हरावी यांच्या 'किताबुत तसरीफ'मध्ये तर जागा सोडून उगवलेल्या दातांवर आणि हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्यावर मजकूर आहे. चांदीची तार खराब होते म्हणून सोन्याची बरी, एवढा बारीक विचार त्यांनी केला होता. चिकटवलेल्या तारांवर गुसलमध्ये नेहमीसारखी चूळ भरावी, काढता येणारी प्लेट मात्र काढून ठेवावी, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. मनात शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून घ्या. पण शंकेचे निमित्त करून पाच वर्षे घालवू नका.

पैशाचे काय? खासगी दवाखान्यात तारांचा खर्च पाच आकडी होतो, आणि कंत्राटी नोकरीवर चालणाऱ्या घराला तो झेपत नाही. हिंजवडीहून वाकडमार्गे पिंपरीच्या संत तुकाराम नगरात डॉ. डी. वाय. पाटील दंतमहाविद्यालय आहे, पुणे कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला दंतमहाविद्यालय आहे, धनकवडीला भारती विद्यापीठाचे आहे. दंतमहाविद्यालयांत ऑर्थोडॉन्टिक्सचा विभाग वेगळा असतो, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली एमडीएसचे विद्यार्थी उपचार करतात आणि खर्च सहसा बराच कमी येतो. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. रांग असते, फेऱ्या होतात, आणि अभ्यासक्रम तीन वर्षांचा असल्याने मध्येच डॉक्टर बदलू शकतात. त्यासाठी मुलाला महिन्यातून एकदा अर्धा दिवस शाळा बुडवावी लागली, तर वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या. कोणताही समजूतदार शिक्षक नाही म्हणणार नाही.

शाळांत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक, २०१३ पासून सुरू आहे ते, किडलेले दात आणि दुभंगलेला ओठ-टाळू यांची नोंद घेते आणि पुढे पाठवते. वाकड्या दातांसाठी त्याच्यावर अवलंबून राहू नका, पण किडलेल्या सहाव्या दाढेची चिठ्ठी मूल घरी घेऊन आले, तर ती दप्तरातच राहू देऊ नका.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. तुम्ही किंवा उपचार करणारे ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस आहात का? दोष दातांचा आहे की जबड्याचा? आत्ता न करता वर्षभर थांबलो तर काय बिघडेल? एकूण खर्चात नंतरचा रिटेनर धरला आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शांतपणे देणारे डॉक्टर मला भरवशाचे वाटतात. मोबाइलवर जाहिरात पाहून, तोंड न दाखवता घरपोच मागवायच्या पारदर्शक अलाइनरचे खूळ आयटीवाल्या घरांत आले आहे. एक्स-रे न काढता दात हलवायला कोणाच्याही हाती देऊ नयेत.

तारा लागल्यावर पहिले तीन-चार दिवस दुखते, मग सवय होते. मिस्वाक जरूर करा, पण ब्रॅकेटच्या कडेला ती पोचत नाही. तिथे प्रत्येक जेवणानंतर ब्रश आणि दातांच्या मधला बारीक ब्रश लागतो. नाहीतर तारा निघतात तेव्हा दात सरळ असतात आणि प्रत्येकावर पांढरा डाग असतो. चिक्की, बर्फ, हाडावरचे मटण तोडणे बंद. सफरचंद कापून खावे. रमजानमध्ये तार बदलायची वेळ आली तर दवाखान्याची भेट इफ्तारनंतरची घ्यावी, म्हणजे पाणी गिळले जाण्याची धास्ती राहत नाही आणि दुखले तर गोळी घेता येते.

तारा निघाल्या की घरचे मिठाई वाटतात आणि मुलगी रिटेनर घालायचा विसरते. नवे हाड अजून कच्चे असते, हिरडीचे तंतू दाताला जुन्या जागी ओढत असतात. सुरुवातीचे महिने दिवसरात्र आणि नंतर कित्येक वर्षे रात्री तो घालावा लागतो. रिटेनर हरवण्याची नेहमीची जागा म्हणजे जेवणाची सुट्टी. मूल तो काढून कागदात गुंडाळते, शेजारी ठेवते, डबा संपवते आणि कागद कचरापेटीत टाकते. त्याला कडक डबी घेऊन द्या, भडक रंगाची, आणि डबीवर मुलाचे नाव व इयत्ता लिहा.